शिडी उजव्या काठाला बांधली

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. शनिवार पेठेतला माणूस, बोलणं मोजकं. "शेखसाहेब, आपण सगळी नोकरी माशांत काढलीत. काहीतरी हलकंफुलकं लिहा. नदी, पाऊस, मासे. फराळासोबत वाचकांना बरं वाटेल." मी म्हणालो, "बरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही. राग आहे." ते म्हणाले, "चालेल. पण दोन हजार शब्दांत बसवा."

तर बसवतो.

मी एका कार्यालयात होतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली काही माणसं अजून पेन्शन घेतात आणि सकाळी बागेत मला नमस्कार करतात. माझं काम महाशीर नावाचा मासा जन्माला घालण्याचं. लोकांना हे सांगितलं की ते हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" आमच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या, मग ते कुठलं असायला हवं होतं? आणि दोन, "म्हणजे घरी रोज ताजे मासे!" सुताराच्या घरी रोज लाकूड शिजतं का, हे मी विचारायचो. पुढे विचारणं सोडून दिलं.

महाशीर मोठा, देखणा मासा. खवले रुंद, उन्हात सोन्यासारखे चमकतात. एके काळी आपल्या मुळेत आणि मुठेतही तो होता, हे आता सांगितलं तर तरुण मंडळी हसतात. हिवाळा-उन्हाळा तो खालच्या खोल डोहांत काढतो. पावसाळ्यात पाण्याला ओढ आली, की गाभोळीनं भरलेली मादी आणि तिच्या मागोमाग नर प्रवाहाच्या उलटे वर निघतात. वर डोंगराजवळ पाणी थंड आणि उथळ असतं, सतत हलतं असतं, तळाशी गोल गोटे असतात. तिथे ती अंडी घालते. गोट्यांच्या फटींत अंडी वाहून जात नाहीत आणि त्यांना हवाही मिळते. चिखलात पडली तर गुदमरतात. एवढ्यासाठी हा मासा मैलोन् मैल पुराशी झुंजत जातो.

मध्ये भिंत आली तर? तर तो भिंतीला धडका मारतो. उड्या मारतो. थकून खाली पडतो आणि पुन्हा मारतो. त्याला दुसरं काही सुचत नाही.

म्हणून आम्ही होतो. भिंती बांधून झाल्यावर सरकारला माशाची आठवण आली आणि आमच्यासारख्यांची भरती झाली. तयार मादी ओल्या फडक्यात धरायची. तिचं पोट कोरडं पुसायचं, कारण अंड्यांना आधी पाणी लागलं तर ती मिटून जातात आणि कायमची वाया जातात. मग अंगठ्यानं पोटावरून हलकेच खाली दाबत यायचं. एनॅमलच्या ताटलीत पिवळी अंडी पडतात, भिजवलेल्या साबुदाण्याएवढी. त्यावर नराचं पांढरं बीज पिळायचं, कोंबडीच्या पिसानं हलक्या हातानं कालवायचं आणि मगच पाणी घालायचं. पीसच का? तर चमच्यानं अंडी फुटतात. माझ्या टेबलाच्या खणात पेनं कमी आणि पिसं जास्त असायची. या कामात माझा हात चांगला होता. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

पण पिल्लं जन्माला घालून उपयोग काय, जर ती सोडायला नदीच नसेल? एकदा शहरातल्या घाटावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बोटुकली सोडायचा कार्यक्रम ठरला. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं. मी लेखी कळवलं, की तिथलं पाणी काळं आहे, मासा टिकणार नाही. उत्तर आलं, की मंडप बांधून झाला आहे. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून पिल्लं नेली. पिशवी आधी पंधरा मिनिटं नदीत तशीच तरंगू द्यायची असते. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं, की मग तोंड सोडायचं. प्रमुख पाहुणे म्हणाले, "पंधरा मिनिटं? अहो, मला लगेच हडपसरला पोचायचंय." आणि पिशवी उपडी केली. मिनिटाभरात पिल्लं उलटी झाली, पांढरी पोटं वर करून. मागून एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, कशी चमकताहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. सरकारी माणूस टाळी वाजवत नाही, असं कधी झालंय का?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

शहराच्या वरच्या अंगाला एक जुना बंधारा आहे. तेव्हा तिथे गाव होतं. दरवर्षी पहिल्या मोठ्या पाण्याला महाशीर तिथवर यायचे आणि अडकायचे. गावातले गेनूतात्या नदीवरच जगलेले, मासेमारी करणारे. त्यांच्या घरात एक रीत होती. मोसमातली पहिली गाभोळीची मादी हाती लागली, की ती विकायची नाही, खायची नाही. तात्यांची बायको तिच्या डोक्याला हळदकुंकू लावायची. मग तात्या तिला ओल्या बारदानात गुंडाळून, छातीशी धरून, बंधाऱ्याच्या कडेच्या पायऱ्या चढायचे आणि वरच्या पाण्यात सोडायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "तात्या, हे काय?"

"पोर बाळंतपनाला म्हायेरी निघालीया," ते म्हणाले. "वाटंत भीत घातली कुनी? मानसानंच ना? मंग मानसानंच उचलून न्यायला पायजे."

आणि तात्या एकीवर थांबत नसत. पहिल्या आठवड्यात हाताला लागेल ती मादी, तिच्यामागचा नर, असे वर पोचवत राहायचे. वरच्या अंगाला श्रावणात जी काही पिल्लं दिसायची ती या माणसाच्या बारदानातून गेलेल्या माद्यांची. आमच्या कार्यालयाच्या अहवालात त्यांचं श्रेय आमच्या नावावर पडायचं, तो भाग वेगळा.

मग आमच्याकडे माशांच्या शिडीची योजना आली. शिडी म्हणजे भिंतीच्या कडेनं बांधलेली लहान लहान टाक्यांची उतरंड. प्रत्येक टाकीतून खालच्या टाकीत पाणी पडत राहतं. मासा एक टाकी चढतो, दम घेतो, पुढची चढतो. कल्पना उत्तम आहे, जगात ठिकठिकाणी चालते. फक्त एक अट असते. शिडीचं तोंड मासा जिथे येतो तिथेच हवं. मासा पाटी वाचत नाही. तो पाण्याची ओढ अंगावर घेत सरळ येतो आणि जिथे अडतो तिथेच वाट शोधतो. नदीच्या दुसऱ्या कडेला कोणी त्याच्यासाठी खर्च करून ठेवलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

जागा ठरवायला मी तात्यांना घेऊन गेलो. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "डाव्या अंगाला," म्हणाले. "पानी हितं खोल हाय, धार हितंच लागती. उजवीकडं नुसता गाळ. तिकडं मासा गेल्याला माज्या बापानंबी बगितला न्हाई." मी दोन पावसाळे स्वतः उभं राहून पाहिलं होतं. ते बरोबर होते. डाव्या काठाच्या खडकावर मी लाल रंगानं भलीमोठी फुली मारली आणि नकाशा पाठवून दिला.

एक दिवस बांधकामाच्या अभियंत्यांनी बोलावलं. नकाशावर शिडी उजव्या काठाला आली होती.

"साहेब, चूक झालीय," मी म्हणालो.

"चूक नाही. डावीकडे रस्ता कुठाय? नुसती पायवाट. उजवीकडे डांबरी आहे."

"पण मासे डावीकडे येतात."

"आणि पाहुणे उजवीकडे येतात. उद्घाटनाला काय त्यांना चिखलातून चालवू? शेख, तुम्ही तज्ज्ञ म्हणून 'जागा योग्य आहे' एवढं लिहा आणि सही करा. नाहीतर फाइल परत जाईल, मार्च उलटेल, आणि मग शिडीच होणार नाही. बघा, तुमच्या माशांचं काय ते तुम्हीच ठरवा."

मी सही केली. 'स्थळपाहणी केली. जागा योग्य आहे.' मनाची समजूत काढली, की नसण्यापेक्षा असलेली बरी. मासा शोधेल. आयुष्यभर मासे हाताळलेला माणूस, आणि मी स्वतःला सांगत होतो, की मासा शोधेल!

उद्घाटन झकास झालं. शिडीला झेंडूच्या माळा होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "मासे कुठायत?" अभियंते म्हणाले, "येतीलच."

आले ना. पावसाळ्यात डाव्या काठाला आले, नेहमीसारखे, आणि भिंतीला धडकत राहिले. पलीकडे शिडीतून स्वच्छ पाणी खळखळ वाहत होतं आणि लोक त्यात मोटारसायकली धूत होते. माझ्याकडे एक नोंदवही दिली होती, रोज किती मासे चढले ते लिहायला. मी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य. आठवड्यानं मोठ्या साहेबांनी वही परत पाठवली. "शून्य काय लिहिता? वाचायला कसं दिसतं ते! 'निरीक्षण चालू आहे' असं लिहा." तीन पावसाळे मी तेच लिहिलं. तात्या मात्र आपलं बारदान घेऊन पायऱ्या चढत होते, म्हणून वर पिल्लं दिसत होती, आणि पिल्लं दिसत होती म्हणून शिडी यशस्वी ठरत होती. अहवालात फोटोही होता.

यश मिळालं, की त्याच्या संरक्षणाला नियम लागतो. बंधाऱ्यावर पाटी आली. 'मत्स्यमार्ग कार्यरत आहे. मासे पकडण्यास सक्त मनाई.' सोबत एक रखवालदार. चौथ्या पावसाळ्यात एका सकाळी तो रखवालदार गेनूतात्यांना रिक्षात घालून थेट आमच्या कार्यालयात घेऊन आला. तात्यांच्या मांडीवर ओलं बारदान होतं आणि बारदानात मादी.

भरलेली मादी होती. पोट तटतटलेलं, डोक्यावर कुंकू अजून पुसलं गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "आधी हिला पाण्यात सोडून येऊ, मग काय ते लिहा." पण मासा हा मुद्देमाल होता, आणि मुद्देमाल पंचनाम्याआधी हलवता येत नाही. व्हरांड्यात निळं पिंप होतं, त्यात तिला ठेवली. महाशिराला वाहतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात, तेही एवढ्याशा पिंपात, तो तासभरही धड जगत नाही. मी प्लास्टिकचा मग घेऊन उंचावरून पाणी ओतत राहिलो, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. तात्याही ओतू लागले. आम्ही दोघं दोन बाजूंनी मग भरून ओततोय आणि आत पंच शोधणं चाललंय. एक पंच सापडला, टंकलेखक. दुसरा, म्हणजे कँटीनवाला, दूध आणायला गेला होता.

तो आला, तोवर पिंपाच्या तळाशी पिवळे दाणे दिसायला लागले. ती अंडी सोडत होती. मरणाच्या घरघरीत मादीची अंडी अशी आपोआप सुटतात. नर नव्हता, आणि अंड्यांना पाणी लागलं होतं. माझ्या खणातली सगळी पिसं आणली असती तरी आता उपयोग नव्हता. तात्यांनी पिंपात पाहिलं आणि हातातला मग खाली ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "बाळंत झाली की हो ही हापिसात."

पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'जिवंत मासा, मादी, नग एक. ओले बारदान, नग एक.' शाई वाळेपर्यंत 'जिवंत' हा शब्द खोटा झाला होता.

मोठे साहेब आले. तात्या हात जोडून, पण मान वर करूनच म्हणाले, "मी चोरी केली न्हाई. मी तिला वर पोचवीत हुतो. तुमच्या शिडीतनं एकबी मासा जात न्हाई. इचारा ह्या शेखसाहेबास्नी. त्यांनीच डाव्या अंगाला लाल फुली मारलीवती."

साहेबांनी कपाटातून फाइल काढली आणि माझ्यापुढे धरली. "शेख, ही सही तुमचीच?"

"हो."

"जागा योग्य आहे, असं तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"मग आता काय म्हणणं आहे? जागा योग्य आहे की नाही?"

व्हरांड्यात पिंप दिसत होतं. तात्या माझ्याकडे पाहत होते. एक शब्द बोलायचा होता. नाही. बोललो असतो तर खोटा दाखला दिला म्हणून माझी चौकशी लागली असती, बढती गेली असती, फार तर कुठेतरी लांब बदली झाली असती. फाशी कोणी देणार नव्हतं. तरी मी भ्यालो. मी म्हणालो, "योग्य आहे."

तात्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि गेले. बारदान परत मिळालं नाही, ते जप्त होतं. पुढच्या पावसाळ्यात मी बंधाऱ्यावर गेलो तर तात्या पायऱ्यांवर नव्हते. घरी गेलो. म्हणाले, "आता न्हाई जमायचं. पोरं नगं म्हनत्यात." खाली मासे भिंतीवर आदळत होते. त्या वर्षी वर पिल्लं दिसली नाहीत. त्यानंतर कधीच दिसली नाहीत. मी वहीत लिहिलं, 'निरीक्षण चालू आहे.'

लोक मला विचारतात, महाशीर कशानं गेला? मैलापाणी, वाळूउपसा, काठावरचं काँक्रीट. खरं आहे सगळं, आणि त्या प्रत्येकाचा मला संताप आहे. नदी म्हणजे पाणी भरलेलं गटार किंवा फिरायला जायचा कट्टा, याच्या पलीकडे या शहराला तिचं काही सुचत नाही. पण या एका बंधाऱ्यावरून महाशीर कशानं गेला, ते मला नेमकं ठाऊक आहे. एका डांबरी रस्त्यानं, एका पाटीनं आणि माझ्या दोन शब्दांनी.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी कार्यालयाला पत्र लिहिलं. आता भ्यायचं कशाला? स्पष्ट लिहिलं, की जागा अयोग्य होती, मला ते तेव्हाच माहीत होतं, मी खोट्या दाखल्यावर सही केली. शिडी डाव्या काठाला नव्यानं बांधावी. आणि तोवर गेनूतात्यांना मासे उचलून वर नेण्याची लेखी परवानगी द्यावी, त्यांच्यावर झालेली कारवाई चूक होती असं कळवावं. पत्राचं उत्तर येणार नाही असं वाटलं होतं. आलं. दोन मुद्दे होते, टंकलिखित, खाली शिक्का.

पहिला : 'अलीकडील पाहणीत सदर बंधाऱ्याखाली एकही महाशीर मासा अडकलेला आढळून आलेला नाही. सबब मत्स्यमार्ग परिणामकारक असल्याचे दिसून येते.'

दुसरा : 'संबंधितांनी मासे हाताने वर नेण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

मी तो कागद दोनदा वाचला. मग इतका भडकलो, की बायकोनं घाबरून रक्तदाबाची गोळी आणून दिली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन तात्यांकडे गेलो. गाव आता शहरात आलंय. आजूबाजूला उंच इमारती, मधे तात्यांचं तेवढं बैठं घर उरलंय. थकलेत फार, पण ओळखलं. चहा सांगितला. मी त्यांना सगळं सांगितलं. खोटा दाखला, भीती, पत्र. माफी मागितली. ते म्हणाले, "कागदात काय हाय ते वाचा."

वाचला. पहिला मुद्दा त्यांनी ऐकून घेतला. दुसरा पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजी आता परवानगी हाय?"

"आहे तात्या."

"कुनी अडवनार न्हाई?"

"नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि परत माझ्याच हातात दिला.

"मंग आता उचलू कुनाला, साहेब?"